गिल्यार्ड प्रोफेसरांची अक्षरं

ही घटना खरी आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. मी कुणाच्या विनवण्या करायला बसलेली नाही.

आणि एक आधीच सांगून टाकते. यात मध्यरात्र नाही. वटवाघळं नाहीत. पांढऱ्या कपड्यांतली बाई तर नाहीच. जे झालं ते भर दुपारी झालं, कडक उन्हात, शे-सव्वाशे माणसांच्या देखत. त्यातले निम्मे आजही विचारलं तर म्हणतील, "छे, तसं काही नव्हतं."

खोटारडे आहेत. कायमचेच.

अमेरिकेतल्या अलाबामात नदी जिथं वळसा घेते तिथं आमचं टार्व्हर्स बेंड. साल १९३७. ऑगस्ट महिना. कापसाची खुरपणी संपली होती, वेचणी सुरू व्हायची होती. रस्त्यावरच्या मातीचं पीठ झालं होतं.

मी ऑर्फा गिल्यार्ड. ज्यांच्याबद्दल सांगतेय ते माझे वडील, रेव्हरंड लेमुएल गिल्यार्ड. बाप्टिस्ट मंडळीचे पाळक आणि आमच्या काळ्या लोकांच्या शाळेचे मास्तर. चर्च आणि शाळा एकाच अंगणात समोरासमोर. सहा दिवस इकडे शिकवायचे, सातव्या दिवशी तिकडे उपदेश करायचे. पाळक कितीतरी होऊन गेले, पण मास्तर एकच. म्हणून गाव त्यांना प्रोफेसर म्हणायचं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते गेले होते.

हे नीट ध्यानात घ्या. ते गेले होते. त्यांचे डोळे मी मिटले होते.

आता लोक सांगतात, प्रोफेसर म्हणजे देवमाणूस, काय तो प्रेमळ स्वभाव! मेलेल्या माणसाला पाकात बुडवून काढायची आमच्याकडे पद्धतच आहे. बाबा प्रेमळ नव्हते. त्यांच्या जिभेला काटे होते, आणि ते काटे त्यांनी देवापासून खेचरापर्यंत कुणालाही टोचायचे बाकी ठेवले नव्हते.

माझी आजी गुलामीत जन्मलेली. तिच्या झोपडीच्या भिंतींना फटी होत्या. वारा अडवायला तिनं जुनी वर्तमानपत्रं खळ लावून भिंतींना चिकटवली होती. बाबा त्या भिंतींवरून वाचायला शिकले. आजीला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तिनं निम्मे कागद उलटे चिकटवले होते. म्हणून बाबांना उलटं वाचायची सवय लागली. पोराच्या पुढ्यात उभे राहून, त्याच्याच हातातलं पुस्तक समोरून वाचून चूक पकडायचे. पोरांना वाटायचं हा माणूस पुठ्ठ्यातून आरपार बघतो.

मग लाकडाच्या गिरणीत राबले. मग पाठीला गाठोडं बांधून दूरच्या मोठ्या शाळेपर्यंत पायी गेले. शिकले. शहरात चांगली जागा मिळत होती. ती सोडून इथं परत आले, आणि त्याचं उट्टं जन्मभर आमच्यावर काढलं.

शाळा बांधायला त्यांनी प्रत्येक घराकडून एक ओंडका मागितला. जो देणार नाही त्याचं नाव रविवारी व्यासपीठावरून घ्यायचे, प्रार्थनेच्या मधोमध. "प्रभो, तुझा सेवक पर्व्हिस लेगेट याच्या मागच्या रानात तू एवढी झाडं दिलीस, त्याला कुऱ्हाड द्यायची राहून गेली काय?"

पर्व्हिस लेगेटनं दोन ओंडके आणून टाकले.

हाच पुढे आमचा डीकन झाला, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. चाळिशी उलटल्यावर बाबांनी त्याला बाकावर बसवून अक्षरं शिकवली. थोराड माणूस, घामानं निथळायचा. बाबा म्हणायचे, "माझं खेचर एव्हाना वाचायला लागलं असतं, डीकन. शिवाय त्याला नांगरटही तुमच्यापेक्षा बरी जमते."

पण शिकवलं. सोडलं नाही. शेवटी लेगेट मंडळीपुढे स्तोत्रांचं पुस्तक धरून ओळ वाचू लागला.

आणि झिपोरा मावशी. गावातली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मली. तिची एकच इच्छा होती, मरायच्या आधी देवाचं पुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. साठी कधीच ओलांडलेली, बोटं सुजलेली. दोन हिवाळे लागले. ज्या दिवशी तिनं मेंढपाळाचं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, त्या दिवशी ती आनंदानं ओरडली.

बाबा काय म्हणाले असतील?

"ओरडू नका, बाई. स्वल्पविरामाला थांबायचं राहिलंय."

असा माणूस.

आमच्या चर्चला शिखर नव्हतं. पलीकडच्या माउंट नेबो मंडळीला होतं, वर घंटासुद्धा होती. आमच्या लोकांच्या पोटात ते शिखर टोचायचं. बाबांकडे कुणी विषय काढला की म्हणायचे, "देवाला टोपी लागत नाही. तुमच्या पोरांची डोकी रिकामी आहेत, तिथं आधी काहीतरी घाला."

फेब्रुवारीत फळ्यावर लिहिता लिहिता त्यांना खोकल्याची उबळ आली. चौथ्या दिवशी गेले. आम्ही त्यांना चर्चच्या मागं पुरलं. आमच्या रीतीप्रमाणे कबरीवर त्यांची फुटकी बशी, कानतुटका कप आणि चष्मा ठेवला.

फळ्यावरचा त्यांचा शेवटचा धडा मी पुसला नाही. शाळेला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

मग आला रेव्हरंड क्लिओफस बॅक्सली.

बाबांच्या जागी नवा पाळक म्हणून मॉन्टगोमेरीहून आला. दोन रंगांचे बूट, तेलानं चापून बसवलेले केस, तपकिरी मोटार. बोलायचा असं की तोंडात लोण्याचा गोळा ठेवलाय. बायका त्याच्यासाठी रताळ्याचं गोड पक्वान्न घेऊन यायच्या. माझ्या बाबांना चाळीस वर्षांत कुणी मक्याची भाकर स्वतःहून आणून दिली नव्हती.

बॅक्सलीला आमच्यात येऊन महिना झाला नाही, तोच मिस्टर स्टेगलशी त्याची बैठक जमली.

मिस्टर स्टेगल म्हणजे गोरा जमीनदार. नदीकाठची जमीन त्याची, खेचरं त्याची, आमच्या निम्म्या लोकांच्या झोपड्या त्याच्या. त्याला सरकी साठवायला रस्त्याला लागून कोठार हवं होतं. आमची शाळा रस्त्याला लागूनच. त्यानं निरोप धाडला की शाळा आणि तिची जागा द्या, मी तुमच्या चर्चवर शिखर बांधून देतो. वर घंटा.

आणि आमचे लोक खूश झाले हो!

शनिवारी दुपारी चर्चमध्ये सभा भरली. आत भट्टी झाली होती. सगळ्यांच्या हातांत पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. खिडक्यांबाहेर झाडांवर किड्यांची किरकिर चाललेली, डोकं उठेल अशी.

मी उभी राहिले. "मग पोरं शिकणार कुठं?"

बॅक्सली गोड हसला. "सिस्टर गिल्यार्ड, कापूस वेचायला अक्षरं लागतात होय?"

लोक हसले.

ज्यांची बोटं धरून बाबांनी खडू फिरवला होता, ते लोक हसले.

"हसा," मी म्हटलं. "दात तरी पांढरे आहेत तुमचे. आत सगळा काळोखच."

डीकन लेगेट मागं वळला. "ऑर्फा, खाली बस. तुला बोलायला काय जातंय? तुझं घर तुझ्या बापाचं आहे. आम्ही स्टेगलच्या छपराखाली झोपतो."

"मग झोपा की. मरेपर्यंत झोपा."

"पोरी, तोंड सांभाळ!"

"माझं तोंड माझ्या बापावर गेलंय, डीकन. सांभाळलं जात नाही."

बॅक्सलीनं टाळी वाजवली. "ज्यांना प्रभूच्या घरावर शिखर हवंय त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. पुढच्या बाकावरून मागच्या बाकापर्यंत. झिपोरा मावशी इकडंतिकडं बघत होती. लेगेटच्या बायकोनं तिला कोपर मारलं, तसा तिचाही हात वर गेला. अर्धवट. पण गेला.

हात वर न केलेलं मोठं माणूस म्हणजे मी एकटी.

आणि तेवढ्यात...

बाहेरची किरकिर थांबली.

एकाएकी. जणू कुणीतरी हात दाखवून गप्प केली.

पंखे थांबले. एक तान्हं मूल रडत होतं, तेही गप्प झालं. कुणी कुणाकडे बघेना. हात वरच राहिले.

मग अंगणापलीकडून आवाज आला...

सर्र... सर्र... सर्र...

कोरड्या फडक्यानं लाकूड पुसावं तसा. सावकाश. डावीकडून उजवीकडं, मग खालची ओळ.

सर्र... सर्र...

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग... धप. धप.

खिडकीच्या चौकटीवर फडकं झटकल्याचा आवाज. दोनदा.

तिथं बसलेल्या प्रत्येकानं तो आवाज लहानपणी नाहीतर म्हातारपणी ऐकला होता. धडा संपला की बाबा फडकं तसंच झटकायचे.

एकेक हात खाली आला.

"उंदीर असतील," लेगेट म्हणाला. 

"हो," मी म्हटलं. "फळा पुसणारे."

यावर कुणी हसलं नाही.

मी उठले, अंगण ओलांडलं. शाळेचं कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात. मी दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. खिडक्या आतून बंद. गरम, शिळी हवा.

फळा काळाभोर झाला होता.

बाबांचा शेवटचा धडा, सहा महिने जपलेला, पार पुसला गेला होता. एक रेघ शिल्लक नव्हती. खाली जमिनीवर खडूची पांढरी भुकटी पडली होती, एकसारखी...

तिच्यावर पाऊल मात्र एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. उपासनेला सगळे आले. आदल्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या लोकांना न बघण्याचा जेवढा सराव आहे तेवढा कुणाला नसेल.

आमच्याकडे स्तोत्र गायची रीत अशी की डीकननं पुस्तकातली एक ओळ वाचायची, मग मंडळीनं ती लांबवून गायची. लेगेट उभा राहिला. चष्मा लावला. पुस्तक उघडलं.

आणि तसाच उभा राहिला.

लोक वाट बघत होते.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुस्तक जवळ आणलं. लांब नेलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं.

"डीकन?" बॅक्सली हळूच म्हणाला.

 लेगेटनं पुस्तक शेजारच्या डीकनच्या हातात दिलं. त्यानं पान बघितलं... आणि हात पोळल्यासारखं ते पुढं सरकवलं. तिसऱ्यानं घेतलं. तोही बघत राहिला. पुस्तक या हातातून त्या हातात जात होतं.

बॅक्सलीनं ते हिसकावून घेतलं. "उन्हानं डोकी फिरली काय तुमची?" आणि घडाघडा ओळ वाचली. न अडखळता.

पण गाणार कोण?

बाकांवर सळसळ सुरू झाली होती. लोक आपापली बायबलं उघडत होते. पानं उलटत होते. भराभरा. कुणी बोट फिरवत होतं, कुणी पुस्तक उजेडाकडे धरत होतं. एक बाई हुंदका दाबत होती.

झिपोरा मावशी माझ्या बाकाशी आली. बायबल छातीशी धरलेलं.

"ऑर्फा," ती कुजबुजली, "हे बघ गं. माझं बायबल कुणीतरी बदललं."

मी बघितलं. तिचंच होतं. पहिल्या पानावर तिनं स्वतः लिहिलेलं नाव होतं, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

"तुझंच आहे की, मावशी. हे तुझं नाव."

तिनं त्या नावाकडे बघितलं. बराच वेळ.

"हे?" ती म्हणाली. "हे होय?"



घरी जाऊन मी आधी माझं पुस्तक उघडलं. मला वाचता येत होतं. शेजारची पोरं बोलावली. तीही भराभर वाचत होती. ज्यांचे हात वर गेले होते, आणि ज्यांना बाबांनी शिकवलं होतं, त्यांचंच गेलं होतं. स्वतःचं नावसुद्धा गेलं होतं.

दिलेलं परत नेलं होतं.

बॅक्सलीचं काही गेलं नाही. कसं जाणार? त्याला बाबांनी काही दिलंच नव्हतं.

संध्याकाळी लोक त्याच्याकडे गेले. तो मोटारीचा आरसा पुसत होता. "उष्म्यानं होतं असं," तो म्हणाला. "आणि वाचता आलं नाही तर बिघडलं कुठं? उद्या मिस्टर स्टेगल कागद घेऊन येतील. तुम्ही डीकन लोकांनी सहीच्या जागी फुल्या मारायच्या. तुमच्या आज्यापणज्यांनी मारल्याच की जन्मभर."

लेगेट तिथंच उभा होता. 

सोमवारी दुपारी अंगणातल्या झाडाखाली टेबल मांडलं. स्टेगल मोटारीतून उतरलाच नाही. खिडकीतून हात बाहेर काढून बसला. त्याच्या कारकुनानं कागद टेबलावर पसरला आणि लेगेटच्या हातात लेखणी दिली.

लेगेटनं कागदाकडे बघितलं. अगदी वाकून बघितलं.

"काय लिहिलंय यात?"

"मी सांगितलं ना तुम्हाला," बॅक्सली म्हणाला.

"तुम्ही सांगितलंत, रेव्हरंड. पण कागद काय म्हणतोय?"

"तेच म्हणतोय! मारा फुली."

मोटारीतून आवाज आला, "पर्व्हिस, ऊन वाढतंय."

लेगेटच्या नाकावरून घाम टपकला. लेखणीचं टोक कागदाला टेकलं होतं. मला वाटलं, झालं, मारतोय हा. माझी त्याच्याकडून दुसरी काही अपेक्षाच नव्हती.

"माझ्या बापानं असाच एक कागद फुली मारून दिला होता," तो म्हणाला, कुणाकडेही न बघता. "खेचर मिळणार म्हणून सांगितलं होतं त्याला. संध्याकाळी आमच्याच दाराला कुलूप. आई म्हणायची, त्या दिवसापासून त्यानं कधी मान वर केली नाही."

त्यानं लेखणी टेबलावर ठेवली.

"मला सही येत होती, साहेब. परवापर्यंत येत होती. ती परत आली की मी कागद वाचीन. मग बघू."

बाकीचे डीकन एकेक पाऊल मागं सरकले. सगळ्यांचे हात पाठीशी.

स्टेगल रागावला नाही. तेच वाईट. त्यानं नुसतं विचारलं, "डोक्यावर छप्पर कुणाचं आहे तुझ्या?"

"तुमचं, साहेब."

"होतं," स्टेगल म्हणाला आणि मोटार वळवली.

तीन दिवसांत लेगेटचं बाजलं, लोखंडी चूल आणि कोंबड्या गाडीत चढल्या. गाडी कुठं जाणार? माझ्या दारात आली. मागच्या खोलीत राहिले नवरा-बायको वर्षभर. पर्व्हिस लेगेट काय भयंकर घोरतो ते तेव्हा कळलं. त्याच्या बायकोशी माझं एक दिवस पटलं नाही. पण सकाळी चुलीवरच्या मक्याच्या लापशीतला पहिला वाडगा ती न बोलता माझ्यापुढं ठेवायची, आणि मी तो न बोलता खायचे.

स्टेगलनं कोठार दुसरीकडे बांधलं. बॅक्सली महिनाअखेर निघून गेला. त्याला साप चावला नाही, त्याची मोटार नदीत पडली नाही. पुढं त्याला मोठं चर्च मिळालं, पोट सुटलं, उत्तम चाललं त्याचं. ज्यांना गोष्टीच्या शेवटी वाइटाचं वाटोळं झालेलं लागतं त्यांनी दुसरीकडे बघावं.

लोकांनी मात्र मला गाठलं. "ऑर्फा, तू बोल ना प्रोफेसरांशी. तुझं ऐकतील."

माझं! जन्मभर ऐकलं नाही, आता मातीखालून ऐकणार?

तरी गेले. त्यांच्यासाठी नाही, झिपोरा मावशीसाठी. ती जेवत नव्हती. बायबल मांडीवर घेऊन दिवसभर बसायची, पानांवरून हात फिरवायची. आंधळ्या माणसानं लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा.

दुपारची वेळ होती. कबरीवरचा चष्मा उन्हात चमकत होता.

"बाबा," मी म्हटलं, "पुरे झालं."

मी कबरीपाशी उकिडवी बसले.

"लेगेटची जिरवलीत, ठीक आहे. पण ती म्हातारी? कुणीतरी कोपर मारलं म्हणून तिचा हात वर गेला. स्टेगलनं झोपडीतून काढलं तर या वयात कुठं जाईल ती? हे तुम्हाला कळत नाही? का कळतं आणि तरी पर्वा नाही? तुम्ही दिलंत ना तिला? मग दिलेलं परत घेणारा माणूस कसला मास्तर! स्टेगलही तेच करतो. कोंबडीचोरही तुमच्यापेक्षा बरा. तो दुसऱ्याची नेतो, स्वतः दिलेली तर नेत नाही!"

मी खूप बोलले. आयुष्यात त्यांच्यापुढं बोलले नव्हते तेवढं.

एक बशी हलली नाही. पान हललं नाही.

नेहमीसारखंच.

मी डोळे पुसले आणि शाळा उघडली. दुसरं काय करणार होते?

वेचणी चालू होती, म्हणून रविवारी उपासनेनंतर वर्ग ठेवला. वाटलं, कोण येतंय! पण आले. थोराड माणसं, मिशा पिकलेली, पोरांच्या बाकांत गुडघे अडकवून बसली. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. झिपोरा मावशी पहिल्या बाकावर.

मी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

मी बाबांसारखी शिकवत नाही. मनातून मला यातल्या बहुतेकांची किंमत कवडीची वाटते, पण ते तोंडावर येऊ देत नाही. शिकणाऱ्याला आधी धीर लागतो. चूक झाली तरी म्हणते, छान, जमतंय.

चौथ्या की पाचव्या रविवारी मी फळ्याकडे पाठ करून उभी होते. लेगेट पाटीवर स्वतःचं नाव लिहीत होता. त्यानं पाटी वर धरली. एक अक्षर उलटं पडलं होतं. फार काही नाही.

"छान," मी म्हटलं. "चालेल."

लेगेटचा चेहरा उतरला.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होता. माझ्या मागं...

"चुकलं, प्रोफेसर," तो म्हणाला. "पुसतो."

आणि बाहीनं पाटी पुसायला लागला.

खोलीत सगळ्यांच्या नजरा तिकडंच होत्या. माझ्या खांद्याच्या वर. वर्गात मास्तर बोलताना पोरं बघतात तशा, निमूट.

माझ्या मागं भिंत होती. भिंतीला फळा. मधे माणूस उभा राहील एवढी जागा नव्हती.

मानेवर गार लागलं. कापराचा वास आला. खोकल्यासाठी बाबा छातीला लावायचे तसा...

मी वळले नाही.

मी शेवटच्या बाकामागच्या खिडकीकडे बघत धडा पूर्ण केला. तोंडातून काय शब्द आले ते मला आठवत नाहीत.

घरी आल्यावर लेगेटला गाठलं. "चुकलं म्हणून कुणाला म्हणालात?"

"तुला. आणखी कुणाला?"

"मला प्रोफेसर म्हणालात?"

त्यानं माझ्याकडे टक लावून बघितलं. तो खोटं बोलला की डाव्या कानाला हात लावतो. हात मांडीवरच होता.

"मी प्रोफेसर म्हणालो?" त्यानं विचारलं.

त्यानंतर मी वर्गात खिडकीशी उभी राहून शिकवायला लागले. फळ्याकडे कधी पाठ केली नाही. इतकी वर्षं झाली, अजूनही करत नाही. नवे लोक हसतात. हसू देत.

अक्षरं हळूहळू परत आली. काहींची लवकर, काहींची उशिरा. कुणाची आलीच नाहीत. त्यात कुठला न्याय होता ते मला आजतागायत कळलेलं नाही.

झिपोरा मावशीची सगळ्यांत शेवटी आली. पहिलं कडक हिंव पडलं होतं, चुलीत लाकडं तडतडत होती. ती बायबल घेऊन उभी राहिली आणि ते स्तोत्र वाचू लागली. एकेक शब्द. बोट ओळीखाली. सगळा वर्ग कान देऊन ऐकत होता. लेगेटची बायको तोंडाला एप्रनचा बोळा लावून रडत होती.

शेवटचा शब्द वाचून झाला. या वेळी ती एकाही स्वल्पविरामाला चुकली नव्हती.

"शाबास, मावशी," मी खिडकीशी उभी राहून म्हटलं.  "बस आता."

ती बसली नाही.

पुस्तक हातात धरून ती फळ्याकडे बघत उभी राहिली.  वाट बघत...

"मावशी, बस की."

तिनं ऐकलं नाही. वर्गातल्या कुणीच माझ्याकडे मान वळवली नाही.

चुलीतलं लाकूड फुटलं. 

थोड्या वेळानं झिपोरा मावशीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. कुणीतरी जन्मात पहिल्यांदा चांगलं म्हणावं तसं. तिनं मान लववली.

"थँक्यू, सर," ती म्हणाली आणि बसली.

मी काहीच बोलले नव्हते.